डिझायनर आणि डेव्हलपर : पुढे आपला माणूस हवा



आज इथे जे बसले आहेत आणि जे नंतर बसमध्ये, मेट्रोत हेडफोन लावून हे ऐकणार आहेत, त्यांतले बरेच जण सॉफ्टवेअरमध्ये आहेत. कोणी बेंगळुरूला, कोणी हैदराबादला, कोणी गुरुग्रामला, कोणी इंदूरला. घरात मराठी, ऑफिसात हिंदी-इंग्रजी. मी तुमच्यातला नाही. मी तोफखान्यातला माणूस. कोडची एक ओळ मी आयुष्यात लिहिलेली नाही, आणि शाळेत चित्रकलेत मास्तरांनी मला काठावर पास केलं होतं. त्यामुळे डिझायनर आणि डेव्हलपर, दोघांनाही माझ्याबद्दल सारखीच शंका यायला हरकत नाही. निदान मी कोणाच्या बाजूचा नाही, एवढं तरी मान्य होईल.

सैन्यातून निवृत्त झाल्यावर मी बेंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काही वर्षं नोकरी केली. हुद्द्याचं नाव लांबलचक होतं. काम एवढंच, की कोणतं काम कोणापाशी अडकलंय ते बघायचं आणि पुढे सरकवायचं. आमची कंपनी इस्पितळांसाठी ॲप करायची. अपॉइंटमेंट घ्या, पैसे भरा, रिपोर्ट बघा, असं.

डिझायनर तिसऱ्या मजल्यावर बसायचे, डेव्हलपर दुसऱ्या. वरचे स्क्रीनची चित्रं काढायचे आणि फाईल खाली पाठवायचे. मग भांडणं. खालचे म्हणायचे, "चित्र सुंदर आहे, पण असं बनत नाही." वरचे म्हणायचे, "आम्ही दिलं एक, यांनी केलं भलतंच." दर आठवड्याला माझ्या टेबलापाशी दोन्हीकडची माणसं येऊन तक्रार करायची.

मी फौजी माणूस. फौजेत एक पदावरून गेला आणि दुसरा आला, की 'हँडिंग ओव्हर, टेकिंग ओव्हर' होतं. यादी असते, प्रत्येक वस्तू मोजतात, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. मी तेच इथे आणलं. सदतीस रकान्यांचा फॉर्म केला. फॉन्ट दिला का, रंग दिले का, आयकॉन दिले का, सगळं. डिझायनरची सही, डेव्हलपरची सही, मगच काम सुरू. पहिले दोन महिने एकही भांडण झालं नाही. मला वाटलं, जिंकलो. खरं म्हणजे लोकांनी एकमेकांशी बोलणंच बंद केलं होतं. बोलायचं कशाला, सही आहे ना!

मग एके दिवशी बेळगावहून फोन आला. मराठा लाईट इन्फन्ट्रीतले एक निवृत्त सुभेदार. माझी त्यांची फार जुनी ओळख, ती कशी ते पुढे सांगतो.

"राम राम साहेब. तुमच्या कंपनीचं ते इस्पितळाचं ॲप हाय न्हवं, त्यानं माझं चार येळा पैसे घेतलं."

झालं असं होतं. बायकोचे डोळे दाखवायचे म्हणून त्यांनी ॲपवर अपॉइंटमेंट घेतली. फी सहाशे रुपये. 'पैसे भरा' हे बटण दाबलं. नेटवर्क कमजोर. स्क्रीन जशीच्या तशी. काही हललं नाही, काही फिरलं नाही. त्यांना वाटलं, बोट नीट लागलं नसेल. पुन्हा दाबलं. असं चार वेळा. शेवटी लाल अक्षरांत एक इंग्रजी ओळ आली. त्यांनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी दोघं बसने इस्पितळात गेले, तर त्यांच्या बायकोच्या नावावर चार अपॉइंटमेंट आणि पेन्शनच्या खात्यातून चोवीसशे रुपये गेलेले.

पैशांचं त्यांनी मला शांतपणे सांगितलं. आवाज बदलला तो पुढच्या वाक्याला. "घरची म्हणती, मोबाईल कळत न्हाई तर हात कशाला लावता." ज्या माणसाने पस्तीस जणांची प्लाटून सांभाळली, त्याला आमच्या एका बटणाने घरात अडाणी ठरवलं होतं. चूक त्यांची नव्हतीच.

मी मीटिंग बोलावली. फाईल उघडली. डिझायनरने दोन स्क्रीन काढल्या होत्या. पहिली 'पैसे भरा', दुसरी हिरव्या खुणेची 'अपॉइंटमेंट पक्की झाली'. डेव्हलपरने दोन्ही स्क्रीन हुबेहूब बनवल्या होत्या. फॉर्मवर दोघांच्या सह्या होत्या. मग सुभेदारांनी जे दहा-बारा सेकंद काढले, पहिली स्क्रीन संपली आहे आणि दुसरी आलेली नाही असे, ते कोणाचे? त्यांची स्क्रीन कोणी काढली नव्हती, म्हणून कोणी बनवलीही नव्हती.

आणि मी तिथे काय केलं? मी विचारलं, "चूक कोणाची?" असं विचारलं की कोणीतरी सापडतोच. खोलीतले सगळे त्या डिझायनर मुलीकडे बघू लागले, कारण स्क्रीन काढली नव्हती तिने. हुशार मुलगी. दीड महिन्याने ती नोकरी सोडून गेली. माझ्या सदतीस रकान्यांत 'मध्ये काय दिसेल' असा एकही रकाना नव्हता, हे माझ्या लक्षात यायला आणखी काही दिवस लागले. तो फॉर्म माझा होता. पुढे मी तिला फोन करून हे सांगितलं, माफी मागितली. ती नीट बोलली, पण परत आली नाही.

पैसे परत मिळाल्याचं कळवायला मी सुभेदारांना फोन केला, तेव्हा त्यांनी विचारलं, "साहेब, एक इचारू? तुम्ही आमच्या कंपनीसंगं ओ.पी. म्हणून होता. तोफा मागं, आन् तुम्ही आमच्यासंगं पुढं. मग हितं तुमचा माणूस पुढं कोण न्हवता काय?"

आता ओ.पी. म्हणजे काय, ते सांगतो, कारण आजचं सगळं बोलणं त्यावर उभं आहे.

तोफा पायदळाच्या बऱ्याच मागे असतात. तोफेवरच्या माणसाला शत्रू दिसत नाही. पुढे असलेल्या पायदळाला शत्रू दिसतो, पण तोफ काय करू शकते, गोळा कुठे पडू शकतो, किती वेळ लागेल, हे त्यांना नेमकं माहीत नसतं. एकाला गरज दिसते, दुसऱ्याला साधन कळतं. तुमच्या तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यासारखंच. यावर तोफखान्याने फार जुना उपाय काढलाय. ते पायदळाकडून फॉर्म भरून घेत नाहीत. आपला एक अधिकारी पायदळाच्या कंपनीबरोबर पुढे पाठवतात. तो त्यांच्याबरोबर चालतो, त्यांचंच जेवण जेवतो, त्यांच्या डोळ्यांनी बघतो आणि रेडिओवर तोफांच्या भाषेत मागे बोलतो. देवळालीच्या तोफखाना शाळेत आम्ही तरुण असताना हेच काम शिकलो. सुभेदार तेव्हा हवालदार होते आणि त्यांच्या कंपनीबरोबरचा तो अधिकारी मी होतो.

म्हणजे मी आयुष्यभर जे केलं, तेच या कंपनीत आल्यावर विसरलो. लढाईतली गोष्ट आणायची सोडून स्टोअरमधली गोष्ट आणली. त्यानंतर आम्ही कामाची पद्धत बदलली. त्यातल्या पाच गोष्टी सांगतो. यासाठी नवीन सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

पहिली. चित्र काढायच्या आधी डेव्हलपर तिथे हवा. फिग्मात सगळं नटूनथटून झाल्यावर नव्हे, तर कागदावर पेन्सिलीने रेघोट्या चालू असताना. अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासात डेव्हलपर सांगतो, "डॉक्टरांच्या मोकळ्या वेळा इस्पितळाच्या सर्व्हरकडून येतात, कधीकधी वेळ लागतो." किंवा "ही माहिती आपल्याकडे नसतेच." आणि डिझायनर सांगते, "हे वापरणारा साठीच्या पुढचा आहे, चष्मा शोधतोय, एका हातात प्रिस्क्रिप्शन आहे." दोघांनाही दुसऱ्याचं अर्धं माहीत होतं. पुढे डिझायनर महिन्यातून दोन दिवस डेव्हलपरांच्या टेबलावर बसू लागले आणि डेव्हलपर इस्पितळाच्या खिडकीवर जाऊन उभे राहू लागले.

दुसरी. एका स्क्रीनची पाच रूपं काढा. सगळं छान भरलेलं रूप सगळेच काढतात. बाकीची चार अशी : अजून काहीच नाही तेव्हाचं रिकामं रूप, माहिती येत आहे तेव्हाचं थांबलेलं रूप, अर्धीच माहिती आली तेव्हाचं रूप आणि काही बिघडलं तेव्हाचं रूप. बिघडल्यावर काय लिहायचं, ते डिझायनरने ठरवायचं. ते ठरवलं नाही, तर रात्री अकरा वाजता थकलेला डेव्हलपर जे सुचेल ते इंग्रजीत लिहितो, आणि तेच सुभेदारांना दिसतं.

याच्या जोडीला खरी माहिती वापरा. चित्रात नाव असतं 'रवी'. प्रत्यक्षात येतं 'व्यंकटलक्ष्मी सुब्रमण्यम', आणि ते चौकटीबाहेर जातं. आपल्या देशात तर एकच बटण चार-पाच भाषांत लिहायचं असतं. इंग्रजीतला चार अक्षरांचा शब्द मल्याळममध्ये किंवा तमिळमध्ये केवढा होईल, याचा भरवसा नाही. देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार रेघेच्या वर जातात, उकार खाली येतात. इंग्रजीच्या मापाने ओळीची उंची ठेवली की त्या कापल्या जातात. हे डिझायनरला चित्रात दिसत नाही, कारण चित्र इंग्रजीत असतं. डेव्हलपरला दिसतं, पण त्याला वाटतं चित्रात तसंच आहे.

तिसरी. परत म्हणून दाखवा. तोफखान्यात पुढच्याने लक्ष्याचे आकडे सांगितले, की मागचा ते जसेच्या तसे परत म्हणतो. एक आकडा चुकला तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो. आम्ही नियम केला की कोड सुरू करण्याआधी डेव्हलपरने डिझायनरला आपल्या शब्दांत सांगायचं : "मला कळलं ते असं. हे दाबल्यावर हे होईल, नेट गेलं तर असं दिसेल." पंधरा मिनिटं. सही म्हणते की मी वाचलं. परत म्हणून दाखवलं की काय समजलं ते बाहेर येतं. आणि दर दोन-तीन वेळांत एकदा तरी डिझायनर म्हणायची, "थांब, मला असं नव्हतं म्हणायचं."

चौथी. शब्द आणि मापं एकच ठेवा. पायदळ आणि तोफखाना एकाच नकाशावर, एकाच ग्रिडमध्ये बोलतात. आमच्याकडे फिग्मात एका रंगाचं नाव 'समुद्र', कोडमध्ये त्याचंच नाव 'निळा-२', आणि टेस्टर त्याला म्हणायचा 'तो गडद वाला'. रंग, अंतर, अक्षरांचं माप, बटणांचे प्रकार यांना दोन्हीकडे एकच नाव हवं. यालाच तुमच्याकडे डिझाईन टोकन म्हणतात. काही मापं तर वाद घालण्याची नाहीतच. गुगलच्या मार्गदर्शनाप्रमाणे अँड्रॉइडवर बोटाने दाबायची जागा निदान ४८ डीपी हवी, ॲपलकडे ४४ पॉइंट. साध्या मजकुराचा रंग आणि मागचा रंग यांतला फरक निदान ४.५ ला १ हवा, हा सुगम्यतेचा जगभर मानलेला दंडक आहे. हे भिंतीवर लावून टाका. मग 'मला हलका करडा आवडतो' हा वाद संपतो.

मापं एक नसली तर काय होतं, ते नासाने १९९९ साली पाहिलं. मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापर्यंत पोहोचलं आणि २३ सप्टेंबरला हरवलं. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आकडे पौंडाच्या मापात दिले, दुसऱ्याने ते न्यूटनच्या मापात आहेत असं धरलं. दोन्हीकडे हुशार माणसं होती. मधला सांधा निसटला.

पाचवी. लवकर बघा आणि आकड्यात सांगा. पहिला गोळा नेमका लक्ष्यावर पडत नाही, पडावा अशी अपेक्षाही नसते. एक पलीकडे पडतो, एक अलीकडे, मग मधला अंदाज घेत जवळ यायचं. पण त्यासाठी पहिला गोळा लवकर पडायला हवा, आणि बघणाऱ्याने सुधारणा मोजून सांगायला हवी. "दोनशे कमी, पन्नास डावीकडे." ओ.पी. कधी "मजा नाही आली" असं रेडिओवर सांगत नाही. आमच्याकडे डिझायनर काम पूर्ण झाल्यावर बघायचे आणि म्हणायचे, "फील येत नाहीये." आता डेव्हलपर दुसऱ्याच दिवशी अर्धवट स्क्रीन खऱ्या फोनवर दाखवतो, तोही स्वस्तातल्या फोनवर. आणि डिझायनर सांगते, "इथलं अंतर २४ आहे, १६ हवं." डेव्हलपरांनाही तोच नियम. "होणार नाही" असं म्हणायचं नाही. "असं केलं तर चार दिवस, तसं केलं तर अर्धा दिवस" असं म्हणायचं. मग निवड करता येते.

आता सुभेदारांचं बटण कसं दुरुस्त झालं ते ऐका. डिझायनर म्हणाला, बटण दाबल्याबरोबर ते बंद करू आणि तिथे लिहू, 'थांबा, पैसे भरले जात आहेत. पुन्हा दाबू नका.' छान. डेव्हलपर म्हणाली, "पण तेवढ्यात त्यांनी ॲप बंद करून पुन्हा उघडलं तर? बटण पुन्हा चालू होईल." मग तिने उपाय सांगितला की प्रत्येक अपॉइंटमेंटच्या प्रयत्नाला एक क्रमांक द्यायचा, तो फोनमध्ये जपून ठेवायचा. तोच क्रमांक सर्व्हरकडे दहा वेळा आला तरी पैसे एकदाच घ्यायचे. यावर डिझायनर म्हणाला, "म्हणजे पुन्हा ॲप उघडल्यावर आपण त्यांना सांगू शकतो, की तुमचा मघाचा व्यवहार अजून चालू आहे?" ती म्हणाली, "हो की, ते माझ्या डोक्यातच नव्हतं." नुसती डिझायनरची दुरुस्ती केली असती तर पैसे पुन्हा गेले असते. नुसती डेव्हलपरची केली असती तर पैसे वाचले असते, पण माणूस घाबरलेलाच राहिला असता. वीस मिनिटांच्या त्या बोलण्यातून जे निघालं, ते दोघांपैकी एकट्याला सुचलं नसतं.

तुमच्या मनात दोन प्रश्न असतील. पहिला, एवढा वेळ कुठे आहे? पेन्सिलीचा अर्धा तास आणि परत म्हणण्याची पंधरा मिनिटं, मिळून पाऊण तास. एक स्क्रीन पुन्हा बनवायला आमचे निदान दोन दिवस जायचे. हिशोब तुम्हीच करा. आणि घरून काम करणाऱ्यांनी तर हे जास्त करायला हवं, कारण त्यांना चहाच्या टपरीवर चुकून भेटण्याची सोयही नाही. फिग्माने २०२३ साली डेव्हलपरांसाठी वेगळा 'डेव्ह मोड' आणला. चांगली गोष्ट आहे, मापं बघायला उपयोगी. पण बारा सेकंदांत काय दिसावं, हे त्यात कोणीतरी आधी ठरवून टाकावं लागतं.

दुसरा प्रश्न, शेवटचा शब्द कोणाचा? फौजेत काय हवं ते पायदळाचा कमांडर ठरवतो, तोफांनी ते कसं आणि कितपत होईल ते तोफखान्याचा अधिकारी सांगतो. दोघांची हद्द स्पष्ट असते, म्हणून भांडण कमी. तुमच्याकडेही तसं ठरवून घ्या, आणि जे ठरलं ते एका ओळीत लिहून ठेवा, कारणासकट. सहा महिन्यांनी 'हे असं का केलं?' असं विचारणारा नवा माणूस येतोच.

एक सावधगिरीही सांगतो. फौजेचं सगळंच इथे चालत नाही. हुकूम देऊन चांगलं सॉफ्टवेअर होत नाही, हे मी पैसे आणि एक चांगली सहकारी गमावून शिकलो. मेल्विन कॉनवे नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६८ सालीच लिहून ठेवलं होतं, की एखादी संस्था जी यंत्रणा बनवते, तिची रचना त्या संस्थेतल्या माणसांच्या आपसातल्या बोलण्यासारखीच होते. दोन मजले एकमेकांशी बोलत नसतील, तर ती फट स्क्रीनवर उमटते. आमची उमटली होती, आणि तिच्यात एक म्हातारा माणूस बोट ठेवून उभा होता.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. भांडणं अजून होत होती. पण आता ती पेन्सिलीच्या कागदावर व्हायची, ग्राहकाच्या फोनवर नाही. सदतीस रकान्यांचा फॉर्म मी बंद केला.

उद्या ऑफिसात गेल्यावर फक्त एक गोष्ट करा. डिझायनर असाल तर तुमची चालू असलेली एक स्क्रीन घेऊन डेव्हलपरच्या टेबलाशी जा, डेव्हलपर असाल तर डिझायनरच्या. घरून काम करत असाल तर फोन लावा. आणि एवढंच विचारा, "हे बटण दाबल्यावर आणि पुढचं काही दिसेपर्यंत, मध्ये काय दिसतं?" उत्तर दोघांचं एकच आलं तर उत्तम. वेगळं आलं, किंवा दोघंही गप्प बसले, तर खुर्ची ओढून तिथेच बसा.

सुभेदार आता तेच ॲप वापरतात. गेल्या दिवाळीला फोन आला होता. म्हणाले, "साहेब, आता ते थांबा म्हणतंय. म्या थांबतो."

जय हिंद.